जाताना चढ, येताना उतार

लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की आमच्या घरी यादी होते. उज्जैनला जायचं ठरलं तेव्हाही झाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सासूबाईंची गुडघ्याची पट्टी, गरम पाण्याची बाटली, महाकालेश्वराला वाहायचं उपरणं, टॉर्च, दोन ब्लँकेटं. सगळं बत्तीस नगांचं सामान मी स्वतः टिकमार्क करून गाडीत भरलं. त्या बत्तीस नगांत ब्रेक नव्हता. गाडी ही पुरुषांची बाब, ते बघतील, असं मी धरून चालले. आणि पुरुषांनी धरलं की गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आली आहे, म्हणजे सगळं ठीकच असणार. बिलावर 'ब्रेक तपासणी व सफाई' असा छापील शब्द होताच की!

आम्ही पाच जण होतो. आमचे हे, मी, सासूबाई, धाकटे भाऊजी आणि धारवाडची आमची जाऊ. बेळगावहून उज्जैन सुमारे हजार किलोमीटर. कोल्हापूर, पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर असा रस्ता. गाडी बहुतेक भाऊजींच्या हाती. जाऊबाई मागच्या सीटवरून अधूनमधून 'निधान, निधान' म्हणत होत्या. आपल्याकडच्या वाचकांना हे सांगायला नको. निपाणीच्या एका बाजूला 'वाहने सावकाश हाका' आणि दुसऱ्या बाजूला 'निधानवागि चलिसि', दोन्ही पाट्या वाचतच आपण मोठे झालो.

पहिला आवाज आला तो पुण्यात शिरताना, कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना. ब्रेक दाबला की बारीक 'किर्र'. भाऊजी म्हणाले, ''धूळ असेल.'' धुळ्याला म्हणाले, ''थंडीनं वाजतंय.'' इंदुरात पोचेपर्यंत आवाज सकाळ-संध्याकाळ येऊ लागला, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत.

उज्जैनला आमचा मुक्काम नानाखेड्याला होता. इंदूरहून येताना लागणारा हा शहराचा भाग. बसस्थानक आहे, स्टेडियम आहे, बाहेरगावच्या गाड्यांची ये-जा सतत चालू. दर्शन झालं, क्षिप्रेवर जाऊन आलो. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या, ''अरे, ती गाडी रडते आहे, तिला कुणाला तरी दाखवा. माणूस रडला तर आपण डॉक्टरकडे नेतोच ना?''

जवळच एक छोटं गॅरेज होतं. मिस्त्रींनी पुढचं डावं चाक काढलं आणि मला म्हणाले, ''बहनजी, बाहर वाला ठीक है, अंदर वाला देखिए.'' बाहेरच्या बाजूचा पॅड चांगला जाड होता. आतला मात्र दोन मिलिमीटरही उरला नव्हता. आपल्या बांगडीच्या जाडीइतका, बस्स.

त्या दिवशी त्या गॅरेजमध्ये जे शिकायला मिळालं आणि घरी आल्यावर जे समजून घेतलं, ते आज सांगणार आहे. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. आपल्या भागातून कितीतरी कुटुंबं गाडी काढून निघतील, म्हणूनही.

चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड ती थाळी चिमट्यासारखी धरतात. या चिमट्याचं नाव कॅलिपर. पॅडच्या पाठीला पोलादी पत्रा आणि पुढे घर्षणाचा मसाला. नव्या पॅडवर हा मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. तीन मिलिमीटरवर आला की बदलायचा, असा सर्वसाधारण नियम. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि 'किर्र' वाजते. ती मुद्दामच तशी बसवलेली असते. म्हणजे आमची गाडी पुण्यापासून आम्हाला हाका मारत होती आणि आम्ही धुळीला आणि थंडीला दोष देत होतो.

पण आतलाच पॅड का झिजला? कॅलिपर दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. त्या पिना गंजल्या किंवा त्यांचं ग्रीस सुकलं की कॅलिपर अडकतो आणि सगळा भार एकाच पॅडवर येतो. चाकाच्या जाळीतून डोकावलं तर दिसतो तो बाहेरचा पॅड. तो जाड दिसला की 'ब्रेक उत्तम' असं म्हणून मोकळं होता येतं. म्हणून पॅड तपासले असं कुणी सांगितलं तर एकच प्रश्न विचारायचा : चाक काढलं होतं का? आमच्या सर्व्हिसिंगमध्ये हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

आता खरी गोष्ट. नवे पॅड कोणते घ्यायचे?

मिस्त्रींच्या ओळखीच्या दुकानातून पहिला जोड आला तो नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. नाव नाही, नंबर नाही. किंमत ऐकून भाऊजींचा चेहरा खुलला. दुकानातला मुलगा म्हणाला, ''बहुत हार्ड है, घिसेगा ही नहीं.'' हे वाक्य त्यानं कौतुकानं म्हटलं. पण विचार केला तर तो इशारा आहे. थांबवताना थोडं झिजणं हेच पॅडचं काम. जो पॅड अजिबात झिजत नाही, तो एक तर नीट पकडत नाही, किंवा आपल्याऐवजी डिस्कला झिजवतो, आणि डिस्क पॅडपेक्षा महाग असते.

दुसरा जोड नामांकित कंपनीच्या डब्यात होता. पण डब्याचं सील फुटलेलं, छपाई फिकट, आणि गाडीच्या मॉडेलचा नंबर हातानं लिहिलेला. आपल्याकडे डबाबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल किंवा वरून चिकटवलेलं असेल, तर तो माल परत द्यावा. साडी घेताना आपण काठ उलटून बघतो, डाळ घेताना दाणा दाताखाली धरतो. मग इथंच का लाजायचं?

तिसरा पर्याय होता तो गाडीच्या कंपनीचा मूळ पॅड. तो इंदूरहून मागवावा लागणार होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिळणार होता. म्हणजे एक दिवस जास्त मुक्काम. भाऊजींची रजा रविवारी संपत होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं : ''आत्ता हे स्वस्तातले बसवू, बेळगावला गेल्यावर चांगले टाकू. येताना काही त्रास झाला का?''

त्याचं उत्तर मिस्त्रींनी दिलं. ते म्हणाले, येताना तुम्ही चढत आलात, आता उतरणार आहात.

खरंच होतं ते. महाराष्ट्रातून माळव्यात जाताना पळासनेरच्या पुढे सातपुड्याचा बिजासन घाट चढायचा, मग खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोदच्या पुढे गणपती घाट चढायचा. परतीला हे दोन्ही उतार. गणपती घाटात उतारावर ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले, की तिथं कमी उताराचा सुमारे नऊ किलोमीटरचा नवा रस्ता बांधावा लागला. तो २०२४ च्या अखेरीस सुरू झाला. आणि बिजासन उतरून आल्यावर जे पळासनेर लागतं, तिथं ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. अवजड वाहनाची आणि आपल्या मोटारीची ब्रेकची रचना वेगळी असते हे खरं, पण उताराचा हिशेब दोघांनाही तोच.

तो हिशेब मी नंतर मांडून पाहिला. पाच माणसं आणि सामानासह गाडी दीड टनाची धरू. ती तीनशे मीटर उंचीवरून खाली आली तर जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात तेरा-चौदा लिटर साधं पाणी उकळेल. मोठी बादलीभर! त्यातली थोडी वाऱ्यात आणि इंजिनात जाते. पण गाडी टॉप गिअरला ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर जवळपास सगळी उष्णता त्या चिमट्यात जिरवावी लागते. हलका पॅड तापला की त्यातला चिकटद्रव्याचा भाग जळून वायू सुटतो आणि पकड ढिली होते. पाय दाबलेला असतो, गाडी मात्र थांबत नाही. जो पॅड शहरात चार महिने बिनतक्रार चालतो, तो घाटात चार किलोमीटरवर दगा देऊ शकतो तो असा.

पॅडचे ढोबळ तीन प्रकार. पहिला ऑरगॅनिक, म्हणजे तंतू, रबर, राळ वगैरेंचा. मऊ, आवाज कमी, शहरात छान, पण फार तापला की लवकर थकतो. दुसरा सेमी-मेटॅलिक, त्यात लोखंडाचा कीस-भुकटी बरीच असते. तापमान चांगलं सोसतो, पण आवाज आणि काळी धूळ जास्त. तिसरा सिरॅमिक; शांत, स्वच्छ आणि महाग. महाग म्हणून तो आपल्या गाडीला बरा, असं मात्र नाही. गाडी बनवणाऱ्यांनी वजन, डिस्क आणि मागचे ब्रेक यांचा मेळ घालून एक पॅड ठरवलेला असतो. घरगुती गाडीला तोच, किंवा त्याच तोडीचा नामांकित कंपनीचा पॅड घ्यावा. ब्रेक्स इंडिया, राणे यांच्यासारख्या दक्षिणेतल्या कंपन्या कितीतरी वर्षं हेच काम करत आहेत. त्यांचा पॅड बाजारात मूळ पॅडपेक्षा कमी किमतीत मिळू शकतो आणि तो घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त आपल्या मॉडेलचा, आपल्या वर्षाचा नंबर जुळला पाहिजे.

काही पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिलं थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्याची. ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी जास्त. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तापल्यावर पकड कमी होते असं समजावं. युरोपच्या नियमाला उतरलेल्या पॅडवर गोलात ई आणि नव्वद क्रमांकाच्या नियमाची खूण असते. त्या नियमानं बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आतबाहेरच असावी लागते. डब्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉस-मुक्त' लिहिलेलं आहे ना, तेही पाहावं. आणि गॅरेजमध्ये ब्रेकची धूळ हवेच्या नळीनं फुंकत असतील, तर मुलांना घेऊन लांब उभं राहावं.

हे सगळं बायकांच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. त्यांना एक गोष्ट सांगते. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, सुमारे शंभर किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी निघाली. मानहाइमहून फोर्टझहाइमला. मोटारीतून केलेला तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत उतारांवर गाडीचे लाकडी ब्रेक झिजून गेले. तिनं रडत न बसता एका चांभाराला गाठलं आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या ब्रेकचं पहिलं अस्तर ते हेच, असं मानतात. म्हणजे ही वस्तूच मुळी माहेरी निघालेल्या बाईच्या गरजेतून आली. आपण निदान ती विकत घेताना डबा तरी वाचावा.

तर नानाखेड्याच्या त्या गॅरेजात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग जाऊबाई भाऊजींना हळूच म्हणाल्या, ''अवसर याके?'' मराठीत आणि हिंदीत अवसर म्हणजे संधी, कन्नडात मात्र घाई. घाई कशाला? सासूबाईंना कन्नड चांगलं येतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ''महाकाळाच्या दारात एक दिवस जास्त मिळतोय तर घ्यावा. नोकरीवर एक दिवस उशिरा गेलास तर साहेब रागावेल. गाडी थांबली नाही तर रागवायला कोण उरणार?'' भाऊजींनी तिथंच फोन लावून एक दिवसाची बिनपगारी रजा घेतली. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी लिहिते. कारण असे निर्णय फुकट होत नाहीत.

तो जास्तीचा दिवस वाया गेला नाही. आम्ही शहरातल्या गोपाळ मंदिरात गेलो. दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाईंनी बांधलेलं हे मंदिर. बायजाबाई म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक! ज्या कागलवरून आम्ही चहासुद्धा न घेता पुढे निघालो होतो, तिथली मुलगी इथं एवढं देऊळ उभारून गेली. महाकालेश्वराचं मंदिरही अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्यानं उभं केलं. सासूबाई म्हणाल्या, ''म्हणजे आपण परक्या गावात नाही.''

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅड आले. मिस्त्रींनी काम आमच्यासमोर केलं. काय काय केलं ते लिहून ठेवलं आहे, कारण आपणही हेच करून घ्यायचं आहे.

पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलले. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. पिना काढून साफ केल्या, त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. हे केलं नसतं तर नवा आतला पॅडही तसाच गेला असता. डिस्कवर खोल चरे आहेत का, कडेला ओठ आला आहे का, ते पाहिलं. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मागच्या चाकांना आमच्या गाडीत डिस्क नाही, ड्रम आहे. त्यात पॅड नसून ब्रेक शू असतात. तेही उघडून पाहिले.

ब्रेक ऑइल काळपट झालं होतं, ते बदललं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ प्रतीचं नवं तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तेच १४० अंशांना उकळू शकतं. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. मग पॅड कितीही उत्तम असोत, उपयोग नाही. दर दोन वर्षांनी हे तेल बदलावं, आणि कोणत्या प्रतीचं घालायचं ते गाडीच्या पुस्तकात पाहावं.

शेवटी एक अगदी महत्त्वाचं. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल टणक लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबायचं. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्या दाबाला पॅडल थेट तळाला जातं. गॅरेजमधून बाहेर पडतानाच भिंतीला गाडी लावणारे असतात ते यामुळं. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक मारायचा नाही. नवा पॅड डिस्कवर बसायला तेवढा वेळ लागतो. आम्ही त्या संध्याकाळी इंदूर रस्त्यावर रिकाम्या गाडीनं हळूहळू ब्रेक लावत दोन फेऱ्या मारल्या, आणि घाट गाठेपर्यंत भाऊजींनी पाय जपूनच वापरला.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गणपती घाट आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं हा तर शुद्ध वेडेपणा. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ एका अवजड वाहनानं चाळीसहून जास्त गाड्यांना ठोकलं, तेव्हा चालकानं उतारावर इंजिन बंद केल्याचं बातम्यांत आलं होतं. घाटात कडेला लागलेले ट्रक दिसत होते. एकाच्या चाकांतून धूर येत होता आणि क्लीनर दगड लावत होता. गाडीत कुणी बोललं नाही. भाऊजींनी मात्र आणखी एक गिअर खाली घेतला.

तो झिजलेला आतला पॅड मी मिस्त्रींकडून मागून आणला. जुने पार्ट हातात मागावेत, ते आपलेच असतात. मागितले की काम खरंच झालं आहे की नाही हेही कळतं. आता तो आमच्या गाडीच्या पुढच्या खणात, कागदपत्रांशेजारी असतो. प्रवासाच्या यादीत आता तेहतीस गोष्टी आहेत. तेहतिसावी अशी : 'चाक काढून पॅड पाहिले, आतला आणि बाहेरचा.' त्यावर टिकमार्क मी करत नाही. ते काम भाऊजींनी स्वतःहून मागून घेतलं आहे.

येत्या सुट्टीत आंबोली, चोर्ला किंवा नुसता तवंदी घाट उतरायचा असेल, तरी आधी एवढं करा. आणि गाडीतून 'किर्र' ऐकू आलं तर रेडिओचा आवाज वाढवू नका. निधानवे प्रधान!